गल्लीभर ऊब

तेव्हा ऊब खोलीत असायची, घरात नसायची. १९७१च्या ऑक्टोबरात लग्न होऊन मी साताऱ्याहून लंडनला आले. विलस्डनमधल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत भिंतीला गॅसची शेगडी होती, दुसरीत काही नव्हतं. शेगडीच्या खोलीत आम्ही जेवायचो, पत्रं लिहायचो, रेडिओ ऐकायचो, धुतलेले कपडे लाकडी घोडीवर वाळत घालायचो. झोपायची वेळ झाली की गरम पाण्याची रबरी पिशवी पोटाशी धरायची आणि पलीकडच्या खोलीत पळायचं. सकाळी खिडकीच्या काचांवर आतल्या बाजूनं बर्फ धरलेला असे. खोबरेल तेलाची बाटली उन्हाळ्यातले मोजके दिवस सोडले तर वर्षभर गोठलेली. वेणी घालण्याआधी ती शेगडीपुढे ठेवावी लागे.

शेगडीच्या बाजूला नाणी घालायचा मीटर होता. नाणं घालून कळ फिरवली की ते आत खणकन पडे आणि तेवढ्या पैशांचा गॅस मिळे. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडनं दशमान नाणी आणली होती, पण नवं पाच पेन्सांचं नाणं जुन्या शिलिंगाच्याच मापाचं असल्यामुळे मीटरला दोन्ही चालत. हे कामावरून येताना दुकानदाराकडून सुटे मागून आणत आणि मी ते एका पितळी डबीत साठवून ठेवत असे. रात्री जेवणं झाल्यावर ज्योत हळूहळू खाली बसू लागे. मग आम्ही एकमेकांकडे बघायचो. अजून एक नाणं, की झोपायचं? बहुतेक रात्री झोपायचं ठरे.

थंडी मला नवी नव्हती. साताऱ्याला परसात तांब्याचा बंब होता. ज्याची आंघोळ आटपे त्यानं पुढच्यासाठी वर गार पाणी ओतायचं आणि खाली दोन ढलप्या सरकवायच्या, असा घरात नियम होता, आणि तो आजोबांनाही लागू होता. पण ऊब नाण्यांनी, मोजून विकत घ्यायची, हे मात्र मी विलस्डनला पहिल्यांदा पाहिलं. त्यातून जी काटकसर अंगात मुरली ती पुढे पन्नास वर्षं टिकली. खोलीतून बाहेर पडताना शेगडी बंद, पाहुणे गेले की बंद, अंगाला जरा बरं वाटलं की बंद.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांकडे गॅसची शेगडीही नव्हती. ते रॉकेलचा हीटर वापरत. इथे रॉकेल निळं आणि गुलाबी अशा दोन रंगांत मिळे. निळं एसोचं, गुलाबी अलादीनचं. शनिवारी डबा घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात भरून आणायचं. त्या हीटरचा वास कपड्यांत, केसांत, गाद्यांत बसे. लिटरभर रॉकेल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत राहतं, त्यामुळे भिंती ओल्या आणि कोपरे बुरशीनं काळे. हीटर उलटून लागलेल्या आगींच्या बातम्या त्या वर्षांत वरचेवर येत, आणि त्यातली नावं बहुतेक आमच्यासारख्याच लांबून आलेल्या भाडेकरूंची असत. १९७२च्या फेब्रुवारीत खाणकामगारांच्या संपामुळे वीज पाळीपाळीनं जाऊ लागली, तेव्हा मात्र तेच हीटर साऱ्या इमारतीला उपयोगी पडले. आम्ही जिन्यावरून वर जाऊन त्यांच्याकडे बसायचो. मुलं एकाच रजईत, मोठी माणसं कडेनं. त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या, आजही आठवतात. तरी त्या परत याव्यात असं मी कधीच म्हणणार नाही. त्या खोलीतल्या एका लहान मुलाचा खोकला महिनोन्महिने थांबत नसे, तोही मला तितकाच आठवतो.

दोनेक वर्षांत आम्ही हॅरोला घर घेतलं. दुसऱ्या महायुद्धाआधी, १९३०च्या दशकात बांधलेलं, एका बाजूनं शेजाऱ्याला चिकटलेलं, लंडनच्या उपनगरांत हजारोंनी दिसतं तसं. प्रत्येक खोलीत फायरप्लेस आणि मागच्या दारी कोळशाची छोटी कोठी. पलीकडे एक वयस्क इंग्लिश बाई राहायच्या. १९५२च्या डिसेंबरातल्या धुक्याची हकिकत मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकली. पाच दिवस कोळशाचा धूर शहरावर बसून राहिला. रस्त्यात पुढचं माणूस दिसेना, बसच्या पुढे कंडक्टर कंदील घेऊन चालत. तेव्हा सरकारी आकडा चार हजार मृत्यूंचा होता. नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि गल्लीगल्लीत धूरबंदी लागू होऊ लागली.

स्थानिक कौन्सिलनं नुसती बंदी घातली नाही, हे बाई आवर्जून सांगत. बिनधुराच्या इंधनासाठी चुलाणं बदलून घ्यायला जो खर्च येई त्याच्या दहा भागांतले सात भाग सार्वजनिक पैशातून मिळत. घरमालकानं तीन भाग द्यायचे. कौन्सिलचा माणूस गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकापर्यंत आला आणि प्रत्येक घरातली चुलाणी मोजून गेला. ‘तो माझ्याकडे आला, मी त्याच्याकडे गेले नाही,’ असं त्या म्हणायच्या. तेव्हा मला या वाक्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आज या लेखाला बसले ते त्या वाक्यामुळेच.

कारण थोड्याच दिवसांत तसाच माणूस माझ्याही दारात आला.

कोळशापासून बनवलेला गॅस देशभर बंद करून त्याजागी उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस द्यायचं काम १९६७पासून चालू होतं. जुन्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असे, म्हणजे तो गळला तर विषारी. नवा गॅस जवळजवळ दुप्पट उष्णता देणारा, पण त्याला वेगळे बर्नर लागत. जुन्या शेगडीत तो नीट जळत नसे. म्हणजे देशातली प्रत्येक शेगडी, प्रत्येक चूल, प्रत्येक गिझर बदलायचा किंवा दुरुस्त करायचा, आणि तोही एकेका भागात एकाच वेळी, कारण एका पाइपात दोन गॅस चालत नाहीत. दहा वर्षांत, १९७७पर्यंत, सव्वा कोटीहून अधिक गिऱ्हाइकांची जोडणी बदलून झाली. शांततेच्या काळात या देशानं केलेलं इतकं मोठं घरोघरचं काम दुसरं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या गल्लीत आधी पत्रकं आली. मग एक माणूस वही घेऊन आला, स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून चुलीचा नंबर उतरवून घेतला, शेगडीचं तोंड उघडून पाहिलं, गेला. ठरलेल्या दिवशी सकाळी गल्लीचा गॅस बंद झाला. पाइपात उरलेला जुना गॅस रस्त्यातच एका उभ्या नळीच्या तोंडाशी जाळून टाकत होते. ती ज्योत बघायला मुलं जमली होती. घराघरात दोघं-दोघं निळ्या डगल्यातली माणसं. कुणाकडे सुटा भाग कमी पडला की एक जण धावत गाडीकडे जाई. आमच्या घरात जुन्या मालकानं ठेवलेली चूल होती, तिचे बर्नर बदलले, जेट बदलले, ज्योत तपासली. मी पोहे केले होते, त्यांनी खाल्ले. एक पैसा द्यावा लागला नाही. माझं इंग्रजी तेव्हा अडखळत होतं, फोनवर तर मी बोलतच नसे. त्या सगळ्या व्यवहारात मला एकही अर्ज लिहावा लागला नाही, काही शोधावं लागलं नाही, कुणाचं ऐकावं आणि कुणाचं नाही हे ठरवावं लागलं नाही. गल्लीत डॉक्टर राहत होते, बसचे ड्रायव्हर राहत होते, ती एकटी बाई राहत होती आणि नुकतेच आलेले आम्ही. संध्याकाळी सगळ्यांच्या घरात सारखाच गॅस होता. कागदोपत्री गॅस बोर्डांचं ब्रिटिश गॅस कॉर्पोरेशन झालं होतं, पण गल्लीत सगळे ‘बोर्डाची माणसं’च म्हणत.

त्यानंतर सेंट्रल हीटिंग आलं. १९७८च्या कायद्यानं माळ्यावर लोकरीसारखा थर अंथरायला खर्चाच्या दोन तृतीयांश, पन्नास पौंडांपर्यंत अनुदान मिळू लागलं, तेही आम्ही घेतलं. हीटिंग म्हणजे बॉयलर, खोल्याखोल्यांतून रेडिएटर आणि वरच्या मजल्यावर एका कपाटात गरम पाण्याची तांब्याची टाकी. या कपाटाला इथे एअरिंग कबर्ड म्हणतात. टाकीच्या वर फळ्या, त्यांवर टॉवेल आणि चादरी उबेला ठेवायच्या, हा त्याचा इंग्लिश उपयोग.

आमचा उपयोग निराळा होता. इंग्लंडात माझं दही तोवर कधी धड लागलं नव्हतं. दूध एकतर फाटायचं किंवा तसंच राहायचं. ते कपाट मिळालं आणि घरात दही लागू लागलं. रात्री विरजण लावून पातेलं टाकीच्या शेजारी ठेवायचं, सकाळी चमचा उभा राहील असं. इडलीचं पीठ फुगून वर आलं. मटकीला बोटभर मोड आले. अनरशाचं पीठ आंबलं. चैत्रात आंबा-डाळीला कैरी मिळत नसे, पण चक्का मात्र घरचा असायचा. एखाद्या मराठी घरी गेलं की यजमानीण वर नेऊन कौतुकानं ते कपाट दाखवी. कुणाच्या फळीवर टॉवेल असत, कुणाच्या फळीवर एकावर एक सात-आठ पातेली. मुंबईहून आलेल्या एका नव्या नवरीला मी फोनवर पहिली सूचना दिली होती ती हीच, की घर बघायला जाशील तेव्हा आधी ते कपाट उघडून बघ.

ती टाकी नव्या शतकात गेली. २००५पासून इथे नवा बॉयलर कंडेन्सिंग जातीचाच बसवावा लागतो. त्या सुमारास आमचा जुना बॉयलर दमला आणि त्याजागी कॉम्बी बसला, नळ सोडला की पाणी तिथल्या तिथे तापवून देणारा. टाकी नको, कपाटातली जागा मोकळी. सगळे म्हणाले, केवढी सोय! सोय झालीच. पण कपाट थंड झालं आणि दही ओव्हनच्या दिव्याखाली गेलं.

आता त्या कपाटात पुन्हा टाकी आहे. गेल्या शरदात घरात हीट पंप बसला आणि हीट पंपाला टाकी लागते.

हे यंत्र नवं नाही, हे मला या निमित्तानं वाचताना कळलं आणि मी चकित झाले. पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या विल्यम थॉमसननं १८५२ सालीच बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून इमारत तापवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली होती. १९४५ साली नॉरिच शहराचे विद्युत अभियंता जॉन समनर यांनी वेन्सम नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊन कौन्सिलच्या वीज खात्याची इमारत गरम केली. युद्धाच्या टंचाईत, हाताशी मिळतील ते जुने-पाने भाग जमवून. १९५१ साली थेम्सकाठी रॉयल फेस्टिव्हल हॉल उघडला तेव्हा त्यालाही नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप होता. तो फार दिवस चालला नाही. त्याच सभागृहात आम्ही सत्तरच्या दशकात सतार ऐकायला जायचो, आणि त्याच्या पोटात एके काळी असं काही होतं याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. कोळसा स्वस्त, मग गॅस स्वस्त, त्यामुळे या देशानं समनरांचं काम बाजूला ठेवलं. नॉर्वेत आज निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहे, आणि तिथला हिवाळा आमच्याहून कितीतरी कडक.

यंत्राचं काम समजायला सोपं आहे. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हा बाहेरची काढून आत आणतो. हवा गार असली तरी तिच्यात उष्णता असतेच. विजेचं एक युनिट खर्च करून पंप घरात तीन युनिटांच्या आसपास उष्णता आणतो, कारण ती निर्माण करायची नसते, फक्त हलवायची असते. पण तो पाणी सत्तर अंशांपर्यंत उकळल्यासारखं तापवत नाही. पंचेचाळीसच्या आसपास ठेवतो. म्हणून रेडिएटर मोठे लागतात आणि घराचं गणित नीट करावं लागतं. बसवणाऱ्या कंपनीची मुलगी खोलीखोलीत फिरून भिंती, खिडक्या, माळा मोजत होती, आणि कोणत्या खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा कागद तिनं माझ्यापुढे ठेवला. पन्नास वर्षं राहिलेल्या घराबद्दल इतकी माहिती मला पहिल्यांदाच मिळाली. बैठकीच्या खोलीतला आणि उत्तरेकडच्या झोपायच्या खोलीतला असे दोन रेडिएटर बदलले. बाकीचे तसेच राहिले. जुन्या घरांना हे यंत्र चालत नाही असं लोक ठासून सांगतात. सरकारनं ७४२ घरांत बसवून पाहिलं, त्यात शंभर वर्षं जुनी घरंही होती. घराचा अमुक प्रकार जमणारच नाही, असं त्यातून निघालं नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण इथल्या महाराष्ट्र मंडळात भेटणारे सगळे तेच विचारतात. सगळा खर्च साडेबारा हजार पौंडांच्या घरात गेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर बदलण्यासाठी सरकारी अनुदान आहे. २०२२ साली ते सुरू झालं तेव्हा हवेवरच्या हीट पंपाला पाच हजार मिळत, २०२३च्या ऑक्टोबरपासून साडेसात हजार. ते आपण मागायचं नसतं. बसवणारा ऑफजेम या ऊर्जा-नियामकाकडे अर्ज करतो, आपल्याला संमतीचा ईमेल येतो, आणि बिलातून रक्कम आधीच वजा होते. बसवणारा मात्र एमसीएस या दर्जा-तपासणी योजनेचं प्रमाणपत्र असलेलाच हवा. यावर व्हॅटही २०२७च्या मार्चपर्यंत शून्य आहे. यंत्र शेजाऱ्याच्या हद्दीपासून मीटरभर दूर ठेवायची जुनी अट २०२५च्या मे महिन्यात गेली, म्हणून आमच्या अरुंद बोळात ते मावलं. उरलेले पाच हजार आम्ही दिले. मुलांची शिक्षणं कधीच झालेली, घराचं कर्ज फिटलेलं, त्यामुळे देता आले.

दरमहाचं बिल खूप उतरलं असं मी म्हणणार नाही. इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग आहे, त्यामुळे तिपटीनं उष्णता मिळूनही हिशेब जेमतेम बरोबरीत येतो. पंप नीट लावला, रात्रीच्या स्वस्त विजेचा दर घेतला तर पुढे जातो. कर वाढवून किंवा वळवून हा फरक सरकारनं कमी करायला हवा, ही मागणी मला अगदी रास्त वाटते. आम्ही गॅसची जोडणीच काढून टाकली, त्यामुळे वर्षाचे शंभरहून अधिक पौंड स्थिर आकाराचे वाचले. त्यासाठी चूलही विजेची, इंडक्शनची घ्यावी लागली. लोखंडी तवा त्यावर छान तापतो. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणि आईचं तांब्याचं पातेलं मात्र चालत नाही. फुलका जाळीवर फुगवता येत नाही, तो तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवते. वांग्याचं भरीत ही खरी अडचण. ग्रिलखाली वांगं मऊ होतं, पण तो जळका वास येत नाही. म्हणून वांगी आता बागेत कोळशावर भाजते, एकदम सहा-सात, आणि गर काढून डब्यांतून फ्रीझरमध्ये ठेवते. आमच्या मागच्या दारी पन्नास वर्षांनी पुन्हा कोळसा आला तो भरतापुरता.

हे सगळं जमलं. जे जड गेलं ते निराळंच. हीट पंप सारखा चालू-बंद करायचा नसतो. तो मंद, सतत चालू ठेवायचा, रात्रीही एखाद-दोन अंशच खाली. थंड घर पुन्हा तापवण्यात जास्त वीज जाते, म्हणून इथे काटकसर म्हणजे चालू ठेवणं. विलस्डनच्या नाण्यांच्या मीटरनं जी शिकवण दिली तिच्या हे अगदी उलट आहे. पहिल्या महिन्यात खोलीतून बाहेर पडताना माझा हात आपोआप थर्मोस्टॅटकडे जाई आणि मी तो मागे घेई. हे अजूनही म्हणतात, घरात कुणी नाही तरी ते बाहेरचं यंत्र फिरतंय, कसंसंच वाटतं. पण या हिवाळ्यात आमच्या घरात गार खोली नव्हती. जिना, न्हाणीघर, पाहुण्यांची खोली, सगळीकडे वीस अंश. संधिवात असलेल्या माणसाला रात्री उठून गार न्हाणीघरात जायला लागत नाही, याची किंमत पौंडांत सांगता येत नाही. टाकीच्या कपाटात दही मात्र पूर्वीसारखं लागत नाही. नव्या टाकीचं वेष्टन इतकं जाड आहे की उष्णता बाहेरच येत नाही. टाकीनं असंच असायला हवं, हे मला पटतं.

तरी माझ्या मनातून बोर्डाची माणसं जात नाहीत. अनुदान उत्तम आहे, पण ते मिळवायला आधी ते आहे हे कळावं लागतं, घर स्वतःचं असावं लागतं, तीन-चार कंपन्यांचे अंदाज मागवून त्यातला कुठला खरा हे ओळखावं लागतं, आणि उरलेले पाच हजार हातात असावे लागतात. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमानंतर चहाच्या रांगेत आता बसवणाऱ्यांची नावं एकमेकांना दिली जातात. एके काळी तिथेच तूरडाळ कुठे मिळते ते सांगितलं जाई. रांगेत उभं राहणाऱ्यांना हे कळतं. जे रांगेत नाहीत त्यांचं काय? आमच्या गल्लीत आज भाडेकरूंची घरं कितीतरी आहेत. त्यांच्याकडे आगाऊ पैसे भरायचा मीटर आहे. नाण्यांऐवजी कार्ड किंवा फोन, पण तोच मीटर, तीच रात्रीची नजरानजर. यंत्र बदलायचं की नाही हे त्यांच्या हातात नाही, घरमालकाच्या हातात आहे.

गल्ली धरून काम आजही करता येतं. कॉर्नवॉलमधल्या स्टिथियन्स गावात रस्त्याच्या कडेनं खोल विंधनविहिरी खणून जमिनीतल्या उबेचा सामाईक पाइप फिरवला आणि घराघरात छोटे हीट पंप जोडले, पूर्वी गॅसचा पाइप रस्त्यातून गेला तसाच. असं हॅरोत व्हावं असं मी कौन्सिलरला लिहिलं आहे. भेटीतही सांगितलं. एकेका दारानं होणारं काम पन्नास वर्षांत पुरं होणार नाही, आणि झालं तरी ज्यांच्या घरी सर्वांत जास्त गारठा आहे ती घरं शेवटी येतील.

शेजारच्या घरात, त्या इंग्लिश बाई राहत तिथे, आता एकट्या गुजराती बा राहतात. शेगडीच्या मागे दडवलेला सत्तरच्या दशकातला बॅक बॉयलर अजून त्यांच्याकडे आहे. त्या दिवसभर एकाच खोलीत बसतात, बाकीचं घर बंद ठेवतात. त्यांना पाच हजार जमणार नाहीत, ईमेल त्या वाचत नाहीत. पण कमी उत्पन्नाच्या घरांसाठी कौन्सिलांमार्फत वेगळी योजना २०२५पासून आहे. उत्पन्न वर्षाला छत्तीस हजार पौंडांच्या आत आणि घराचा ऊर्जा-दाखला ‘डी’ किंवा त्याखालचा असेल तर भिंती-माळ्याच्या कामाला आणि हीट पंपाला, दोन्हीला पैसे मिळू शकतात. त्यांच्या घराचा दाखला ‘ई’ निघाला. पेन्शनचे कागद, कौन्सिल टॅक्सचं बिल, सगळं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून आम्ही दोघींनी अर्ज भरला. त्यांनी गुजरातीत सही केली. रोटलीसाठी गॅस राहील ना, एवढंच त्यांनी तीनदा विचारलं. राहील. योजना हीटिंगची आहे, चुलीला कुणी हात लावणार नाही.

बुधवारी पाहणीला माणूस येणार आहे. त्याआधी त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरवायच्या आहेत. समोरच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या पोलिश मुलाला त्यासाठी शनिवारी बोलावलं. तो लगेच हो म्हणाला, आणि त्याच्या घरमालकाला साडेसात हजारांचं अनुदान मिळतं का, ते कागदावर लिहून द्या म्हणाला. घरमालकांनाही मिळतं. कुठे, कसं, कोणाकडून, ते सगळं मी त्याला लिहून देणार आहे.